स्कोप की मोनोक्युलर? अर्थात ‘चाळीस बाय साठ’चं गौडबंगाल

हिवाळा लागला की आमच्या हापिसात दोन साथी येतात. एक सर्दीची आणि दुसरी पक्षीनिरीक्षणाची. कुणीतरी ‘भिगवणला फ्लेमिंगो आलेत’ असा मेसेज टाकतं, शनिवारी पहाटे चारला निघायचं ठरतं, कुणाच्या गाडीत कोण ते ठरतं, आणि मग शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न दहा तोंडांनी विचारला जातो: "स्पॉटिंग स्कोप घेऊ की मोनोक्युलर?" विचारणाऱ्याच्या मोबाईलवर उत्तर बहुतेक आधीच उघडलेलं असतं. काळी, रबरी, खिशात मावणारी नळी. तिच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘४०×६०’. किंमत म्हणजे मल्टिप्लेक्सात दोघांचा सिनेमा, पॉपकॉर्नसकट. आणि शेजारी तुलनेला ‘२०-६०×८०’ लिहिलेला एक बोजड स्कोप. किंमत नळीच्या दहा-वीस पट, वर ट्रायपॉड वेगळा. "चाळीस म्हणजे जवळपास तेवढंच की राव! मग ते धूड कशाला वागवायचं?"

मंडळी, हा लेख त्या ‘जवळपास तेवढंच की’च्या विरोधात आहे. जरा तावातावाने लिहितोय, कारण यात नुसते तुमचे हजार-दोन हजार जात नाहीत, पाण्यावर बसलेल्या पक्ष्यांचंही काहीतरी जातं. ते काय ते पुढे सांगतोच. आधी आकड्यांचा हिशोब करू, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. सव्वापाच. दुर्बिणीच्या मागच्या बाजूने प्रकाशाचा जो झोत तुमच्या डोळ्यात शिरतो, त्याची ही जाडी, मिलिमीटरमध्ये. याला म्हणतात एक्झिट प्युपिल. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर उघडी असते आणि अंधारात, तरुण माणसाची, सातपर्यंत जाते. म्हणजे पहाटे धुक्यात बाहुली चार-पाच मिलिमीटर उघडलेली असताना ८×४२ मधून येणारा प्रकाश डोळ्याला पुरून उरतो.

हाच भागाकार ४०×६० ला लावा. दीड मिलिमीटर! म्हणजे ते आकडे खरे असतील, तर भल्या पहाटे त्या नळीतून तुम्हाला काळोख चाळीसपट मोठा होऊन दिसेल :-)

‘खरे असतील तर’ असं मुद्दाम म्हटलं. कारण ते खरे आहेत की नाहीत हे घरबसल्या तपासता येतं, आणि त्यासाठी शाळेतली पट्टी पुरते. नळी उजेड पडलेल्या भिंतीकडे रोखा आणि डोळ्यापासून हातभर लांब धरा. मागच्या काचेत प्रकाशाचा एक गोल ठिपका दिसेल. त्याचा व्यास मोजा. मग पुढच्या भिंगाचा व्यास मोजा. मोठ्याला छोट्याने भागा. आलेलं उत्तर म्हणजे त्या नळीचं खरं मॅग्निफिकेशन. भिंग ४० मिलिमीटर आणि ठिपका ४ मिलिमीटर भरला, तर ती नळी दहापट दाखवते. अंगावर चाळीस छापलेलं असो नाहीतर चारशे.

आपण सगळे इंजिनिअर. बारावीला प्रकाशाचं अपवर्तन घोकलेले, पहिल्या वर्षाला फिजिक्सची जर्नलं लिहिलेले (किंवा छापलेले, असो). क्लायंटच्या डॉक्युमेंटमध्ये एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तीन कॉल लावतो. फोन घेताना प्रोसेसरच्या चाचण्या वाचून वाचून डोळे फोडतो. आणि एका प्लॅस्टिकच्या नळीवर छापलेला आकडा मात्र गुमान मान्य करतो, का, तर तो मोठा आहे म्हणून!

बरं, क्षणभर धरून चालू की नळी खरोखर चाळीसपट दाखवते. मग तर ती आणखीच निरुपयोगी. का ते बघा. चाळीसपट दाखवणाऱ्या दुर्बिणीत एका वेळी जेमतेम दीड अंशाचा तुकडा मावतो. (पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.) तुमचा हात अंशाच्या दहाव्या भागाने हलला, तर ते हलणंही चाळीसपट मोठं होतं आणि चित्र चार अंशांनी उडाल्यासारखं दिसतं. आणि हात हा हलतोच. श्वासाने हलतो, वाऱ्याने हलतो, गाडीतून उतरून नुकताच घेतलेल्या चहाने हलतो. म्हणून हातात धरून वापरायच्या चांगल्या दुर्बिणी शतकभर आठ आणि दहा या आकड्यांपाशी घुटमळतायत. बारापटीला बहुतेकांचे हात शरण येतात. बनवणाऱ्यांना चाळीसची काच घासता येत नाही असं थोडंच आहे? त्यांना माणसाचा हात माहीत आहे, एवढंच.

तेव्हा पहिला निकाल लावून टाकू. प्रामाणिक मोनोक्युलर ही आठ किंवा दहापट दाखवते. त्यापेक्षा जास्तीचा दावा करणारी खिशातली नळी एकतर खोटं बोलतेय, नाहीतर खरं बोलून तुम्हाला थरथरतं चित्र दाखवतेय. दोन्हीकडून गिऱ्हाईकच मरतं.

आता प्रामाणिक मोनोक्युलरचं काय? ती म्हणजे सरळ सरळ अर्धी दुर्बीण. अर्धं वजन, एक डोळा. किंमत मात्र अर्धी नसते, कारण चांगली काच आणि चांगलं कोटिंग एका नळीलाही तेवढंच नीट करावं लागतं. शिवाय एक डोळा मिटून तासभर बघणं हा प्रकार करून पाहा, मिटलेल्या डोळ्याचा गाल दुखायला लागतो. गंमत म्हणजे ही तक्रार दुर्बिणीएवढीच जुनी आहे. १६०८ मध्ये हान्स लिपरहे नावाच्या चष्मे बनवणाऱ्याने नेदरलंड्सच्या सरकारकडे दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तिथल्या मंडळींनी त्याला काय सांगावं? दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून आण! पेटंट दिलं नाही ते नाहीच, पण मागणी रास्त होती. चारशे वर्षं उलटून गेली तरी ती रास्तच आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने आधी ८×४२ ची साधी, दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी. स्कोप की मोनोक्युलर हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि तिथे माझं उत्तर सरळ आहे. दुर्बीण हातात आल्यावर मोनोक्युलर तुम्हाला नवीन काहीच दाखवत नाही. स्कोप दाखवतो.

काय दाखवतो? पुन्हा थोडा हिशोब. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, तपशील वेगळा ओळखता येतो. तीनशे मीटरवर हा तपशील होतो पावणेनऊ सेंटिमीटरचा. नुसत्या डोळ्यांनी त्यापेक्षा बारीक काही दिसत नाही. आठपट दुर्बिणीतून तो अकरा मिलिमीटरवर येतो. ट्रायपॉडवर ठेवलेल्या तीसपट स्कोपमधून तीन मिलिमीटरवर. आता चिखलात तुरुतुरु पळणारा एखादा स्टिंट डोळ्यांपुढे आणा. अख्खा पक्षी बारा-चौदा सेंटिमीटरचा. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळट. हे पाय आठपटीत ‘आहेत बहुतेक’ असे दिसतात. तीसपटीत रंगासकट दिसतात. हाच फरक ‘कसलेतरी छोटे पक्षी’ आणि ‘लिटल स्टिंट, सतरा’ यांच्यातला.

दुसरं उदाहरण घ्या. १८८३ साली सुरू झालेली आपली मुंबईची बीएनएचएस स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या पायांत कडी घालते, आणि काहींच्या पायांत कोड लिहिलेल्या रंगीत पट्ट्याही. तो कोड कुणी दुरून वाचून कळवला, तर पक्ष्याला पुन्हा जाळ्यात न धरता तो कुठून कुठे गेला याची नोंद होते. ती अक्षरं असतात काही मिलिमीटरची. खिशातल्या नळीतून ती वाचता येणार नाहीत. स्कोपमधून तुमच्याआमच्यासारखा वीकेंडचा पाहुणाही ती वाचू शकतो, आणि त्याच्या शनिवारची खरीखुरी नोंद कुठेतरी राहते.

स्कोपवाल्यांनीही उगाच हुरळून जाऊ नये म्हणून सांगतो, तिथेही मोठा आकडा फसवतोच. २०-६०×८० ला साठवर नेलंत की तोच आपला भागाकार: ८० भागिले ६०, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जरासा वर. चित्र अंधारतं. त्यात सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागली की साठपटीत पक्षी दिसतात उकळत्या पातेल्यातून बघितल्यासारखे. जाणते लोक बहुतेक वेळ वीस ते तीस-पस्तीसमध्येच असतात. स्कोपची ताकद आहे मोठ्या भिंगात आणि खालच्या तीन पायांत. ८० मिलिमीटरचं भिंग २५ च्या भिंगापेक्षा दहापट प्रकाश गोळा करतं (व्यासाचा वर्ग, आठवा), आणि ट्रायपॉड हात नावाची कटकट कायमची मिटवतो. म्हणूनच लुकलुकणाऱ्या ट्रायपॉडवर महागडा स्कोप ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

आता मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे.

तुमच्या हातात काय आहे यावर तुमचे पाय कुठे थांबणार हे ठरतं. स्कोप असेल तर तीनशे मीटरवर थांबून समाधान होतं. हातात फसवी नळी असेल तर दिसत काही नाही, आणि पहाटे चारला उठून शंभर किलोमीटर आल्यावर काही दिसलं नाही म्हणून परत जायला कुणी तयार नसतं. मग? मग ‘दादा, अजून थोडं जवळ घ्या ना’ सुरू होतं. नाव थव्याकडे वळते. मग आणखी थोडं जवळ. मग अख्खा थवा उडतो, सगळे ‘वॉव’ म्हणतात, मोबाईलवर व्हिडिओ निघतात, आणि नाव पुढच्या थव्याकडे. पाणथळ कुठलीही असो, जानेवारीतल्या रविवारी हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता मोजत नाही.

उजनीच्या पाणलोटात येणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेला असतो आणि उन्हाळ्याआधी त्याला तो पुन्हा ओलांडायचा असतो. चिखलातले ते वीतभरही नसलेले पक्षी त्याच्याही उत्तरेकडून आलेले. हे सगळे इथे हवापालटाला येत नाहीत, खायला येतात. दिवसभर चरून अंगावर चरबी चढवायची, ती परतीच्या प्रवासात जाळायची, असा त्यांचा हिशोब. प्रत्येक उड्डाण म्हणजे त्या साठ्यातून खर्च, आणि उडाल्यावर जेवणही बंद. एका नावेने एकदा उडवलं तर काही बिघडत नाही. पण सकाळी सहापासून दहापर्यंत एकामागून एक नावा, आणि प्रत्येकीला जवळून बघायचंय, मग तो पक्षी खाणार कधी?

यात नाववाल्याला शिव्या देऊ नका प्लीज. तो गिऱ्हाईक मागेल ते देतोय, वर्षातले तीन-चार महिनेच त्याचा हा धंदा. मागणी आपली आहे. ती आपण बदलू शकतो. नाव घ्या, पण थव्यापासून लांबून न्यायला सांगा आणि त्याचे तेवढेच पैसे द्या, शक्यतो थोडे जास्तच. उरलेला वेळ काठावर स्कोप लावून बसा. (हलत्या नावेत स्कोप चालत नाही, तिथे गळ्यातली दुर्बीणच.) नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, तिथे बसून बघायला मनोरेच आहेत. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये तेही रामसर यादीत गेलं. खाडीवर तर भरतीचं वेळापत्रक बघून गेलात की पाणी चढेल तसे पक्षी आपणहून काठाकडे सरकतात. तुम्ही फक्त एका जागी उभं राहायचं. आणि उभं राहण्यासाठी जे यंत्र बनलंय त्याचं नाव स्पॉटिंग स्कोप.

आता नेहमीचे आक्षेप.

"फोनला शंभरपट झूम आहे की!" आहे. त्यातलं बरंचसं उत्तर सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. ते कसं भरतं हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं. तीन मिलिमीटरचा पाय पिवळा की काळा हे मला काचेने सांगायला हवंय. अंदाजच हवा असेल तर माझा मला करता येतो. फोनचा चांगला उपयोग हवा असेल तर तो स्कोपच्या मागे धरा, साध्या अडॅप्टरवर सुरेख फोटो येतात.

"वजन फार." कबूल. ८० मिलिमीटरचा स्कोप आणि ट्रायपॉड मिळून तीन-साडेतीन किलो सहज होतात. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने हे धूड चढवा असं मी कुणाला सांगणार नाही. पण भिगवणला गाडी काठाजवळ जाते हो! डिकीतून काठापर्यंत न्यायचंय.

"महाग." हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचंच उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं. झाइस, स्वारोव्स्की वगैरे मंडळी लाखांत बोलतात, त्यांना दुरून नमस्कार. पण ६० किंवा ६५ मिलिमीटरचा कामचलाऊ स्कोप आणि बऱ्यापैकी ट्रायपॉड मिळून वीस-पंचवीस हजारांपासून सुरुवात होऊ शकते. आता आपल्याच ग्रुपकडे बघा. दहा जण प्रत्येकी दोन हजारांच्या दहा नळ्या घेणार. झाले वीस हजार! दहा फसव्या नळ्यांच्या पैशात सगळ्यांचा मिळून एक स्कोप येतो. भिशी लावा, काढा वर्गणी. गणपतीची काढतो तशी.

आणि स्कोप एकट्याचा नसतोच मुळी. मोनोक्युलर ज्याच्या डोळ्याला लागली त्याची. बाकीचे "कुठे? कुठे? त्या झाडाच्या डावीकडे?" करत उभे. स्कोप एकदा पक्ष्यावर लावला की लावला. मग रांग लागते. ज्याला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही तोही वाकून नेमका तोच पक्षी बघतो जो तुम्ही बघितलात. कुणाची आई बघते, नाववाल्याचा पोरगा बघतो, रस्त्याने जाणारा थांबून "काय दिसतंय?" म्हणतो आणि तोही बघतो. म्हणून घेताना तिरक्या आयपीसचा घ्या, सहा फुटी माणसाला आणि सहा वर्षांच्या पोराला एकाच उंचीवर वापरता येतो. रात्री तोच स्कोप गच्चीवर न्या. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र टिपले ते साधारण वीसपट दुर्बिणीतून, आणि त्याची काच तुमच्या स्वस्तातल्या स्कोपपेक्षाही सुमार होती. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला कडेने दिसत होती, आता हळूहळू उघडतायत. सोसायटीतल्या पोरांना एकदा दाखवा, त्यांच्या कायम लक्षात राहील.

मग मोनोक्युलर कुणीच घेऊ नये का? असंही नाही. ज्याला एकाच डोळ्याने नीट दिसतं, जो गडांवर भटकतो आणि पाठीवरचा ग्रॅमन् ग्रॅम मोजतो, ज्याला देवळाच्या शिखरावरचं कोरीवकाम जवळून बघायचंय, त्याने जरूर घ्यावी. फक्त आकडा आठ असावा, फार तर दहा. चष्मा असेल तर आय रिलीफ पंधरा मिलिमीटरच्या वर असावा. आणि घरी आल्याबरोबर पट्टीने ठिपका मोजावा. उत्तर चुकलं तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत ती नळी परत पाठवावी. दहा जणांनी परत पाठवली तर निदान विकणाऱ्यापर्यंत काहीतरी पोचेल.

असो. हिशोब मांडून झाला. खिशात मावेल अशा कशातही तीनशे मीटरवरच्या पक्ष्याचे पाय दिसत नाहीत, आणि ते दिसावेत म्हणून त्याच्या अंगावर नाव घालणं हा काही उपाय नव्हे. तेव्हा येत्या सीझनआधी ग्रुपवर लिंक टाकण्याऐवजी वर्गणीचा आकडा टाका. माझे दोन हजार धरा. ट्रायपॉड कोण उचलणार ते गाडीत ठरवू.